आईच्या नावच्या गोळ्या

औषधवाल्याला एक जुनी खोड होती. चिठ्ठी हातात आली की तो आधी तिच्यावर ‘दिले’ असा शिक्का मारायचा आणि मग चष्मा नाकावर ओढून वाचायला घ्यायचा. त्याचे वडीलही तेच करत आणि आजवर त्यामुळे कुणाचं अडलं नव्हतं. अडलं ते शिवणवाल्या बाईंच्या लेकीचं. शिक्का पडला, चष्मा चढला आणि त्याने चिठ्ठी काउंटरवरून हळूच परत सरकवली.

“हे माझ्या हातून व्हायचं नाही. देवाने घडवलेलं मोडायला मी हात लावणार नाही. राग मानू नकोस.”

शेजारीपाजारी तिला लहानपणापासून मुलगा समजत आले होते. आता ती मुलगी म्हणून राहत होती, चष्म्याच्या दुकानात काचा घासत होती. शस्त्रक्रिया झाल्यापासून तिच्या शरीरात पुरुषाचं संप्रेरक तयार होत नव्हतं आणि बाईचंही. शरीर उभं होतं ते चिठ्ठीतल्या त्या गोळीवर.

पुलापलीकडच्या औषधांच्या दुकानातल्या बाईने शिक्का पाहिला नि मान हलवली. दिलेल्या चिठ्ठीवर पुन्हा औषध दिलं तर माझ्याच दुकानाला कुलूप लागेल, म्हणाली. मोठ्या दवाखान्यात फोन केला, तर तिथे ‘औषध मिळाल्याची नोंद आहे, पुढच्या तारखेला या’ एवढंच उत्तर. तारीख लांब होती. शिक्का चुकून पडला असं औषधवाल्याने लिहून दिलं असतं तरी भागलं असतं. आई स्वतः जाऊन विनवून आली.

“वहिनी, तशी सही करणं म्हणजे दुसऱ्याच्या हाताने मीच गोळ्या देणं,” तो म्हणाला होता. आणि तो ते अगदी मनापासून म्हणाला होता, हीच पंचाईत होती. माणूस ढोंगी असता तर चार शब्द सुनावता आले असते. लेकीच्या वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात याच माणसाने अवेळी दुकान उघडलं होतं. प्रार्थनेला तो आईच्या मागच्याच रांगेत बसायचा.

घरातल्या गोळ्या संपल्या आणि लेकीची झोप उडाली. अंगातून वाफा निघायच्या, घामाने उशी भिजायची. कामावर दोन काचा तडकल्या.

“आई, खिडकी उघड.”

“उघडीच आहे.”

“मग भिंत उघड.”

दोघी हसल्या. हसता हसता लेक भिंतीला डोकं टेकून म्हणाली, “मला परत तसं व्हायचं नाही, आई. त्यापेक्षा मी नसलेली बरी.”

आईच्या हातातली सुई थांबली. लेक हे पूर्वीही एकदा बोलली होती आणि तेव्हा ते नुसतं बोलणं नव्हतं.

पाळी गेली तेव्हा आईलाही हाच त्रास झाला होता आणि डॉक्टरांनी हीच गोळी दिली होती. औषधवाला ती वर्षानुवर्षं हसतमुखाने बांधून देत असे. मग आईच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली. यापुढे या गोळीला शिवायचंही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ते औषधवाल्याला सांगायचं राहून गेलं होतं. तिची चालू चिठ्ठी अजून त्याच्याच दुकानात होती.

सकाळी आई लेकीला न सांगता निघाली.

“भावजी, माझ्या त्या गोळ्या द्या. पुन्हा वाफा सुरू झाल्यात.”

त्याने चिठ्ठी काढली, सवयीने शिक्का मारला, पाकीट आणलं. पण ते हातातच धरून ठेवलं.

“या वयात, वहिनी?”

“वाफा काय वय विचारून येतात का?”

तो हसला नाही. “तुमच्यासाठीच ना?”

आईने आयुष्यात या माणसाशी खोटं बोललेलं नव्हतं. “माझ्यासाठीच,” ती म्हणाली.

त्याने आतून पेलाभर पाणी आणलं. “मग एक इथेच घ्या. तुम्हाला खोटं पाडायचं म्हणून नाही हो. माझ्या मनाला स्वस्थता हवी. आता दर वेळी असंच करू.”

पायाचं सांगितलं तर पाकीट परत आत जाणार, न सांगितलं तर गोळी पोटात जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आईने पाकीट फोडलं, गोळी जिभेवर ठेवली आणि पेला रिकामा केला.

“देव तुम्हाला बरं करो,” तो म्हणाला. त्याचे डोळे ओले होते.

लेकीने घरी पाकीट उलटंसुलटं पाहिलं. आईचं नाव वाचलं, मग गोळीचं एक घर रिकामं दिसलं.

“ही कुठे गेली?”

“वाटेत पडली.”

“आई.”

आई चपला काढत राहिली. “त्याच्यासमोर घ्यावी लागली. एकाने काय होतंय.”

“आणि पुढच्या वेळी?”

आईने चपला कोपऱ्यात सारल्या. लेकीने पाकीट तिच्याकडे ढकललं. “मला नकोत. परत दे जा.”

“दिलेलं औषध कुणी परत घेत नाही,” आई म्हणाली. “घे बाई. नाहीतर मी गिळली ती फुकट गेली.”

लेकीने पाणी न घेताच गोळी गिळली. मग खाली फरशीवर बसली, आईचं लुगडं घोट्यापासून थोडं वर सरकवलं आणि पोटरी दोन्ही तळव्यांत धरली. गाठ झाली होती तेव्हा ती पोटरी आधी गरम लागली होती.

“गरम आहे का?” आईने विचारलं.

लेकीने तळवे फरशीवर टेकवून गार करून पाहिले, पुन्हा पोटरीवर ठेवले. पण तिच्या अंगात तेवढ्यात नवी वाफ उठली होती आणि तापलेलं कोण, आईचा पाय की आपलेच हात, ते काही केल्या तिला कळेना.