परतवाड्याचा कॉल

चौसष्टच्या उन्हाळ्यात अमरावतीला एक सिनेमा लागला होता. एका शेठजीची मुलगी पळवतात आणि मग घरी फोन येतो, एवढीच त्याची गोष्ट. फोनवरचा माणूस शेवटच्या रिळापर्यंत दिसत नाही, नुसता त्याचा आवाज येतो. ‘लडकी हमारे पास है. पुलिस को खबर मत करना.’ सात आठवडे हाऊसफुल्ल. कॉलेजातली मुलं रस्त्यात एकमेकांच्या मानेवर हात ठेवून तेच वाक्य म्हणायची आणि भाजीवाल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मीही तो दोनदा पाहिला. आमच्या टेलिफोन एक्सचेंजमधल्या सगळ्याच बायकांनी पाहिला, कारण त्यात एक ऑपरेटर होती. ती नखं रंगवायची, आणि चोरून ऐकलेलं बोलणं पोलिसांना सांगून मुलीला सोडवायची. ‘खरी असती तर दुसऱ्या दिवशी घरी बसवली असती,’ असं मी म्हटलं होतं. सगळ्या हसल्या होत्या.

कारण आमचा नियमच तसा होता. नोकरीला लागताना कागदावर सही घेत: जोडलेला कॉल ऐकणार नाही, कानावर पडलाच तर बाहेर सांगणार नाही. आदल्याच वर्षी आमच्यातल्या एका बाईने अकोल्याहून आलेला कापसाचा भाव आपल्या मावसभावाला सांगितला आणि तिला महिन्याच्या मधेच घरी पाठवलं. तशी सगळ्याच ऐकायच्या. तासन्‌तास कानाला हेडफोन लावून बसलेली बाई ऐकणार नाही, हे फक्त सरकारलाच खरं वाटतं. पण ऐकलं असं कबूल करायचं नाही, हा खरा नियम होता. माझ्या पगारावर आई आणि धाकटी बहीण शालू अशा दोघी होत्या, त्यामुळे मी तो नियम फार चांगला पाळायची.

एप्रिलचा शेवट होता, शाळेचे निकाल लागले होते. सकाळी साडेदहाला दोनशे सात नंबरने अकोल्याचा अर्जंट कॉल मागितला. दोनशे सात म्हणजे कमलाकांत वकील. पुण्याहून येऊन त्यांना पंधरा वर्षं झाली होती, अशिलांनी ताटात वाढलेलं सगळं त्यांना चालायचं, पण वऱ्हाडी शब्द कानावर पडला की अंगावर पाल पडल्यासारखं करायचे. मी त्यांच्या बहिणीचा नंबर जोडून दिला.

‘कुंदा तिकडे आली का?’ वकील विचारत होते. ‘गणितात नापास झाली. दोन थोबाडीत दिल्या मी. सकाळपासून घरात नाही. आत्याकडे जाते म्हणून मोलकरणीपाशी बोलली होती.’

बहीण म्हणाली, अजून तरी आलेली नाही. कुंदा त्यांची एकुलती एक, अकरा वर्षांची. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर पुढे काय होतं याची उत्सुकताही वाटली.

दुपारी एकच्या सुमाराला परतवाड्याची ऑपरेटर लाइनवर आली आणि तिने दोनशे सातच मागितला. मी जोडला. जोडल्यावर बाजूला व्हायचं असतं. मी झाले नाही.

‘वकीलसायेब हाय का?’ माणूस मोठ्याने बोलत होता. फोनची सवय नसलेली माणसं लांबच्या माणसाशी ओरडूनच बोलतात. ‘तुमची पोट्टी आमच्यापाशी हाय.’

‘कोण बोलतंय?’

‘मोटारस्टँडावून उचलून आनली म्या तिले. घरी ठेवली हाय. पोलिसाले खबर देऊ नका. तुमी येकटेच या अन्‌ घेऊन जा.’

सिनेमातलं वाक्य जसंच्या तसं, फक्त आमच्या बोलीत. मला जे वाटलं तेच वकिलांना वाटलं असणार, कारण माझ्यासमोर त्यांच्या बाजूचा दिवा लागला. दिवा लागला म्हणजे तिकडून फोन ठेवला. आता मी ‘पार्टीने फोन ठेवला’ असं सांगून वायर उपटायला हवी होती. मला किती पैसे मागतो ते ऐकायचं होतं. मी थांबले.

तो माणूस बोलतच होता. त्याला काय माहीत, दिवा माझ्यापुढे लागतो.

‘पोट्टी अकोल्याची मोटार समजून आमच्या मोटारीत बसली, सायेब. स्टँडावर उतरली अन्‌ ऊन लागून पडली. लोकं नुसते पाहून राहिले होते. म्या उचलून घरी आनली. कांद्याचा रस लावला, पन्हं देलं, आता जरा बरी हाय. शुद्धीवर आली तं तिनंच तुमचा नंबर सांगतला. पोलिसागिलिसात जाऊ नका, पोरीची जात हाय, उगाच बोभाटा होईन. मी गोवर्धन, मळा हाय माहा, भाजी घेऊन बाजारात येतो. देवराव अडत्याच्या दुकानातून बोलून राहिलो. आयकून राहिले ना?’

समोरच्याने इतकं सांगितल्यावर गप्प बसणं मराठी माणसाला जमत नाही. लहानपणी गोष्ट ऐकतानासुद्धा हुंकार दिला नाही तर सांगणारा थांबतो. माझ्या तोंडून ‘हं’ निघून गेलं.

‘आईसायेब हाय का?’ त्याचा आवाज एकदम मऊ झाला. ‘बरं झालं. तुमी घाबरू नका. माही बायको बसली हाय तिच्यापाशी. सांजच्या मोटारीनं मी आनून देऊ का तिले? का तुमीच येता?’

तेवढ्यात मोरोपंतांच्या चपला वाजल्या. मोरोपंत आमचे सुपरवायझर. ते बायकांच्या पाठीमागून फेऱ्या मारत आणि कुणाच्या बोर्डावर दिवा लागून किती वेळ झाला ते मोजत. ते दोन खुर्च्या सोडून उभे होते.

‘तुमीच येता ना?’ त्याने पुन्हा विचारलं.

‘हं,’ मी म्हटलं आणि वायर उपटली.

दहा सेकंदही झाले नसतील. दोनशे सातचा दिवा परत लागला. वकील होते. ‘पोलीस ठाणं द्या. लवकर.’ तेव्हा मला बोलता आलं असतं. वकीलसाहेब, जरा थांबा, तो माणूस चांगला आहे, एवढीच दोन वाक्यं. मोरोपंत अगदी माझ्या मागे आले होते. मी ठाणं जोडून दिलं. मनाशी म्हटलं, पोलीस जातील, मुलगी आजारी दिसेल, सगळं आपोआप कळेल. आपोआप काही कळत नसतं, हे मला तिसऱ्या दिवशी समजलं.

पोलिसांची गाडी संध्याकाळी परतवाड्याला पोचली तेव्हा गोवर्धन अंगणात खाट टाकून वकिलांची वाट पाहत बसला होता. त्याला काही विचारायच्या आधीच धरला. रात्रीतून त्याला इतका मारला की डावा हात खांद्यातून निखळला. कुंदाला घरी आणली. तिचा ताप दोन दिवसांनी उतरला आणि तिने आईला सगळं खरं सांगितलं: मी चुकीच्या मोटारीत बसले, काकांनी मला उचलून नेलं, काकूंनी पायाला कांदा चोळला. हे मला वकिलांच्या मोलकरणीकडून कळलं. ती आमच्या गल्लीत राहायची.

म्हणजे वकिलांना खरं कळलं होतं. पण तोवर गाव जागं झालं होतं. वर्तमानपत्रात छापून आलं होतं, बार रूममध्ये त्यांना लोक येऊन भेटत होते, ज्या फौजदाराने हात निखळवला तो त्यांच्या घरी चहा पिऊन गेला होता. आता ‘मी मारलं म्हणून मुलगी घरातून निघून गेली’ असं कोण सांगणार? पळून गेलेल्या मुलीचं लग्न जमत नाही. पळवलेल्या मुलीची निदान कीव करतात. वकिलांनी दोन्हीचा हिशेब मांडला आणि एका माळ्याचा हात त्यात बसवून टाकला.

खटला उभा राहिल्यावर गोवर्धनची बायको माणिकबाई माझ्या घरी आली. रापलेली, चाळिशीची बाई. तिने आधी माझ्या आईला नमस्कार केला आणि मग दाराशीच बसली.

‘बाई, फोन जोडनाऱ्या तुमीच ना?’

‘हो.’

‘मंग तुमाले आयकू आलं असन. माहा मानूस काय काय बोलला थे. देवराव अडत्या म्हनते, मी तराजूपाशी होतो, पोट्टी आमच्यापाशी हाय येवढंच आयकलं. बाकी त्याले आयकू नाई आलं म्हनते. तुमी तेवढं सांगा कोर्टात.’

‘आम्ही कॉल ऐकत नाही,’ मी म्हटलं.

‘मंग जोडला हे कसं समजते तुमाले?’

मी म्हटलं, ‘आम्ही जोडतो आणि बाजूला होतो. नियम आहे.’ आई आतून पाणी घेऊन आली. माणिकबाई ते प्याली, भांडं उपडं ठेवलं आणि म्हणाली, ‘नियम असन तं राहू द्या.’ ती गेल्यावर आईने विचारलं, काय ग, खरंच ऐकलं नाहीस ना? मी आईवर ओरडले. त्या दिवशी मला सगळ्यांचाच राग येत होता, गोवर्धनचासुद्धा. कुणी सांगितलं होतं याला उचलून न्यायला? स्टँडवर इतके लोक पाहत होते, हाही पाहत उभा राहिला असता.

सप्टेंबरमध्ये कोर्टात माझी साक्ष झाली. गोवर्धनला सरकारने दिलेला वकील नवशिका होता, पण प्रश्न त्याने नेमका विचारला. ‘तुम्ही हे संभाषण ऐकलं का?’ मोरोपंत मागच्या बाकावर बसले होते. मी म्हटलं, नाही. ‘फोन कुणी आधी ठेवला?’ आठवत नाही. ‘त्याच सकाळी या नंबरवरून अकोल्याला कॉल झाला होता, त्यात काय बोलणं झालं?’ आम्ही बोलणं ऐकत नाही. न्यायाधीशांनी मान हलवली. कमलाकांत वकिलांनी पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिलं.

कुंदाला विचारलं तर ती बुटांकडे पाहत म्हणाली, मला काही आठवत नाही. वकील म्हणाले, धमकी ऐकल्याबरोबर मी फोन ठेवला. मग त्यांच्या पत्नीला, प्रमोदिनीबाईंना उभं केलं, कारण गोवर्धन पहिल्यापासून एकच सांगत होता: माझं सगळं बोलणं एका बाईने ऐकलंय.

‘मी त्या दिवशी फोनला हात लावला नाही,’ प्रमोदिनीबाई म्हणाल्या. त्या दिवशी कोर्टात बोललं गेलेलं तेवढंच खरं होतं, आणि त्यानेच गोवर्धन बुडाला.

न्यायाधीशांनी त्याला विचारलं, तुला काही सांगायचं आहे का? तो उठला. डावा हात तसाच लोंबत होता. तो न्यायाधीशांशी बोललाच नाही, प्रमोदिनीबाईंकडे वळला.

‘आईसायेब, म्या तं सांजच्या मोटारीनं पोट्टीले आनून देत होतो. तिकिटाचे पैसेबी काढून ठेवले होते. तुमाले इचारलं, तुमीच येता ना? तुमी हं म्हनले. तुमी हं म्हनले म्हनून मी घरी थांबलो. नाई तं पोलीस यायच्या आधी पोट्टी तुमच्या दारात असती.’

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. इतके महिने मी स्वतःला सांगत आले होते की मी फक्त गप्प बसले, गप्प बसणं हा काही गुन्हा नाही. मी गप्प बसले नव्हते. त्याला खाटेवर बसवून ठेवणारी मीच होते.

प्रमोदिनीबाईंनी कोर्टभर नजर फिरवली, एकेका बाईकडे पाहिलं, आणि ती नजर माझ्यावर येऊन थांबली. त्यांना कळलं. फोनवर आपण नव्हतो तर दुसरी कोण असू शकते, हे कळायला फार हुशारी लागत नाही. मला वाटलं, आता त्या बोलतील. पण बोलल्या असत्या तर त्यांची कुंदा उघडी पडली असती. त्यांनी पदर सावरला आणि खाली बसल्या. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, त्यांच्यावरचा आळ मी दूर केला नाही.

गोवर्धनला दोन वर्षं सक्तमजुरी झाली.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली गर्दी होती. प्रमोदिनीबाई पायऱ्या उतरत होत्या, मी त्यांच्या मागे होते. माणिकबाई समोरून आली आणि त्यांच्या पायापाशी थुंकली. ‘तुमच्या पोटी पोर हाय ना?’ एवढंच म्हणाली. प्रमोदिनीबाई मान खाली घालून टांग्याकडे चालू लागल्या.

मग माणिकबाई माझ्याकडे वळली. मी मागे सरकले. तिने माझा हात धरला. तिचा हात खरखरीत होता.

‘बाई, त्या दिशी मी तुमच्या घरी उलटं बोलली, मनात ठेवू नका,’ ती म्हणाली. ‘तुमचा काई दोस नाई. तुमाले आयकूच नाई आलं, तं तुमी तरी काय करान.’

तिचा हात सुटेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.