करंगळीभर जागा

त्या वर्षीच्या मार्च महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी साडेनऊ वाजता, हमरस्त्याला लागून असलेल्या एका जुन्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये, दुसऱ्या खड्ड्यावर उभ्या असलेल्या हिरव्या पिकअपच्या इंजिनाला नवे हेडर, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे, बसवायला घेण्यात आले. त्या वेळी तेथे चार माणसे हजर होती: वर्कशॉपचा मालक, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, त्याचा मुलगा, मुलाची आई, आणि पिकअपचा धनी, जो पेशाने दातांचा डॉक्टर होता. जे घडले त्याबद्दल या चौघांत पुढे कधीही मतभेद झाला नाही, कारण त्याविषयी ते पुन्हा कधी बोललेच नाहीत.

मुलाचे वय त्रेचाळीस होते. उस्ताद त्याला ‘आमचे चिरंजीव’ म्हणे आणि गिऱ्हाइकांनीही तेच नाव उचलले होते. टक्कल पडलेल्या, चष्मा लागलेल्या माणसाला चिरंजीव म्हणताना प्रत्येकाला थोडे हसू येई. ते यावे याचसाठी उस्तादाने ते नाव चालू ठेवले होते. बावीस वर्षे चिरंजीव गाड्या खोलत होता, भाग धूत होता, पुन्हा बसवत होता. पण कोणत्या गाडीला कोणता भाग घ्यायचा, हे त्याने एकदाही ठरवले नव्हते. ठरवणे हे ज्याच्याकडे वर्कशॉपची किल्ली त्याचे काम, आणि किल्ली उस्तादाच्या कमरेला.

जानेवारीत पिकअप आली तेव्हा तिच्या इंजिनाच्या डाव्या बाजूचा मॅनिफोल्ड, म्हणजे धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा बीडाचा ओतीव तुकडा, मधोमध तडकलेला होता. डॉक्टरला तसाच दुसरा नको होता. त्याला दोन्ही बाजूंना हेडर हवे होते: प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वळवलेली नळी, खाली सगळ्या एकत्र, इंजिनाला मोकळा श्वास आणि गाडीला भरदार आवाज. पन्नास वर्षांच्या त्या पिकअपमधून त्याने आजवर साधी खुर्चीही वाहून नेली नव्हती. पण त्याचे म्हणणे असे, की दिवसभर माणसे माझ्यासमोर आ करून बसतात आणि एकही बोलत नाही. निदान गाडी तरी बोलू दे.

उस्तादाने त्याच दिवशी, डॉक्टरच्या आणि स्वतःच्या बायकोच्या देखत, जाहीर केले की हे हेडर चिरंजीव निवडतील. पहिल्या खेपेला, हातोडी न लावता बसले, तर त्याच क्षणी किल्ली त्यांची. नाही बसले, तर हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही.

हातोडीची अट उगाच नव्हती. नळी कुठे टेकली की तिला ठोकून खळगा पाडायचा आणि वेळ मारून न्यायची, ही पुष्कळ ठिकाणची रीत. या वर्कशॉपमध्ये तसे करणाऱ्याला उस्ताद उभे करत नसे. येथला नियम एकच: बसवलेल्या नळीभोवती उस्तादाची करंगळी सगळीकडून फिरली पाहिजे. जेथे अडेल तेथे भाग नापास.

चिरंजीवाने तीन आठवडे कॅटलॉग वाचले. लांब नळ्यांचे हेडर त्याने सोडून दिले. ते इतके खाली लोंबतात की रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्याला नमस्कार करत जावे लागते. स्वस्त जोड्याही सोडल्या. त्यांची इंजिनाला टेकणारी पट्टी पातळ, ती तापली की वाकते, सांध्यातली गॅस्केट फुटते आणि तीन महिन्यांत गाडी फसफसू लागते. काळा रंग मारलेले तर पहिल्याच आठवड्यात सोलतात. अखेर त्याने मध्यम लांबीचे, जाड पट्टीचे, सिरॅमिकचा मुलामा दिलेले निवडले. उस्तादाने प्रत्येक मुद्द्यावर वाद घातला, आणि प्रत्येक वादाला चिरंजीवाने आकड्याने उत्तर दिले. शेवटी म्हाताऱ्याने कॅटलॉग मिटले.

“वा. अक्कलदाढ आली म्हणायची.”

“ती परवाच डॉक्टरांनी काढली,” चिरंजीव म्हणाला. बापाला त्याने दिलेले हे पहिले चोख उत्तर होते, आणि उस्ताद चक्क हसला. त्या हसण्यावर चिरंजीव आठवडाभर जगला.

मागणी नोंदवण्याआधी त्याने वर्कशॉपच्या रिवाजाप्रमाणे तारेचा सांगाडा केला. जाड तार घ्यायची, इंजिनाच्या भोकापासून खालपर्यंत नळी जशी जाणार तशी ती वाकवायची, आणि वाटेतल्या प्रत्येक वस्तूपासून किती जागा उरते ते पाहायचे. सर्वांत अरुंद ठिकाण डाव्या बाजूला, स्टिअरिंगच्या दांड्यापाशी होते. तेथे त्याची करंगळी जाऊन वर थोडी फट उरत होती. त्याने तीनदा मोजले. मग मागणी गेली.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. तीन वर्षांपासून उस्तादाच्या उजव्या हातातली पकड गेली होती. हे उस्ताद सोडून घरात सर्वांना ठाऊक होते. तो बोल्ट आवळी, हात पुशी, चहाला जाई. आणि त्याची पाठ वळली की चिरंजीव तेच बोल्ट पुन्हा आवळी. काही नुसत्या बोटांनी फिरत. आईने मुलाकडून वचन घेतले होते. ती दाराजवळच्या टेबलाशी बसून फोन घेई, कामाच्या चिठ्ठ्या लिही. ज्या जागेवर वर्कशॉप उभे होते ती तिच्या माहेरची, तिच्याच नावावर होती, पण त्याचा उल्लेख तिने संसारात एकदाही केला नव्हता. तिने एवढेच म्हटले होते, “हात गेलाय हे त्यांना कळलं, तर मागे काही उरणार नाही. तू गप्प राहा. मी आयुष्यात दुसरं काही मागणार नाही तुझ्याकडे.” तो गप्प राहिला होता.

त्या शनिवारी उजव्या बाजूचा हेडर वीस मिनिटांत बसला. उस्तादाची करंगळी चारही नळ्यांभोवती फिरली. डॉक्टरने टाळी वाजवली. उस्तादाने कमरेची किल्ली सैल करून हातात घेतली, आणि ते चिरंजीवाने पाहिले.

मग डावी बाजू. हेडर वरून आत सरकला, पट्टीची भोके जुळली, पहिले दोन बोल्ट लागले. तिसरा लावताना चिरंजीवाला धातूवर धातू घासल्याचा आवाज आला. त्याने दिवा धरला. तिसरी नळी स्टिअरिंगच्या दांड्यावर टेकली होती. करंगळी दूरच, तेथे पोस्टकार्ड गेले नसते.

त्याने हेडर उतरवला आणि खुंटीवरचा तारेचा सांगाडा आणून लावून पाहिला. तारही दांड्याला टेकली. जी तार महिन्यापूर्वी बोटभर दूर होती, ती आज टेकत होती. माणूस चुकतो हे त्याला समजत होते. तार कशी चुकेल?

“काय झालं, चिरंजीव?” उस्ताद म्हणाला. “राज्याभिषेक का थांबला?”

डॉक्टर हसला. चिरंजीव खड्ड्यात उतरला आणि खालून पाहू लागला. इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसते, त्यांपैकी डावा ठोकळा कोरा करकरीत होता. काल तो असा नव्हता. काल तेथे काळे, तेलकट, जुने काहीतरी होते.

तो वर आला तेव्हा उस्तादाने एप्रनच्या खिशातून एक तुकडा काढून मडगार्डवर ठेवला. लाकडाचा होता. ग्रीस आणि काजळी चोळून रबरासारखा केलेला, आणि रबरापेक्षा अर्धा इंच उंच; तो काढताच इंजिन खाली बसले होते आणि फट संपली होती.

“तू दाढ काढायला गेला होतास ना, त्या दुपारी मी घातला. आज सकाळी तू यायच्या आत काढला. महिनाभर तुझ्या नाकाखाली होता. तू तीनदा मोजलंस, मी पाहत होतो. इंजिन कशावर उभं आहे ते एकदाही पाहिलं नाहीस.”

“तुम्ही मला पाडायलाच बसला होतात.”

“मी तुला तपासलं. पडलास तू.” उस्तादाने किल्ली पुन्हा कमरेला अडकवली.

डॉक्टरचे हसू अर्ध्यावरच राहिले. आई टेबलापासून उठली होती. ती काही बोलण्याआधी चिरंजीवाने भिंतीवरचा मोठा पाना काढला. ठरलेल्या जोरापर्यंत बोल्ट आवळला गेला की ‘कट्’ असा आवाज करणारा तो पाना होता. त्याने तो दोन्ही हातांनी, अदबीने, बापापुढे धरला.

“बाबा, डावा नापास. उजवा तर पास आहे. त्याचे बोल्ट तेवढे तुम्ही आवळा. तुमचा हात लागल्याशिवाय गाडी बाहेर जात नाही, असं तुम्हीच सांगता सगळ्यांना.”

“नको,” आई म्हणाली. ती मुलाकडे पाहत होती. त्याने तिच्याकडे पाहिले नाही.

उस्तादाने पाना घेतला. पहिल्या बोल्टवर चढवला आणि ओढला. पाना हलला, पण आवाज झाला नाही. त्याने पाय रोवले, पुन्हा ओढला. हात कोपरापासून थरथरू लागला, मग खांद्यापासून. चिरंजीव शेजारी दिवा धरून उभा होता आणि उजेड बोल्टवर न धरता त्या हातावर धरत होता. पाना बोल्टवरून निसटला आणि खड्ड्यात पडला.

“डॉक्टर,” चिरंजीव म्हणाला, “गेली तीन वर्षं इथला प्रत्येक बोल्ट मी दुसऱ्यांदा आवळतो. नोव्हेंबरात तुमच्या रोजच्या गाडीची पुढची चाकं यांनी बसवली होती. मी हात लावला नसता, तर तुम्ही आज दुसऱ्यांचे दात पाहायला उरला नसता. आईला विचारा. तिला माहीत आहे.”

उस्ताद बायकोकडे वळला. ती नाही म्हणेल, एवढीच त्याची अपेक्षा होती. तिने मान खाली घातली. मग तो आपला उजवा हात डाव्या हातात धरून, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे, असा निरखत राहिला. त्याचा चेहरा इतका उघडा पडलेला चिरंजीवाने कधी पाहिला नव्हता, आणि त्याला आनंद झाला. त्या आनंदाची त्याला लाज वाटली नाही; ती कदाचित नंतर वाटेल असे त्याला वाटले.

आई पुढे आली. तिने नवऱ्याच्या कमरेची किल्ली सोडवली. त्याने विरोध केला नाही. चिरंजीवाने, स्वतःच्याही नकळत, हात पुढे केला. तिने तो पाहिला आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

“डॉक्टर, गाडी ओढून न्यायला कुणाला तरी बोलवा,” ती म्हणाली. “सोमवारपासून हे शटर उघडणार नाही. जागा माझी आहे, मी ती विकते आहे.”