ढोलाच्या तालावर रेसची गाडी

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नाचणाऱ्या घोड्यांच्या रांगेत नमनशेठने आपली रेसची गाडी आणून उभी केली होती. कंपनीने अशा मोजक्याच गाड्या बनवल्या होत्या, त्याही फक्त ट्रॅकवर पळवण्यासाठी. हिचं इंजिन कंपनीच्या इंजिनिअर अल्पनाने स्वतः जुळवलं होतं. गाडी सोपवायला ती पुण्याहून आली होती.

"शेठ, तुन्ही गाडी नाचत नही का?" गर्दीतून कुणीतरी डिवचलं.

नमनने ढोलवाल्याला खूण केली आणि तो गाडीत शिरला.

"थांबा! आधी हीटरने ऑइल गरम करू द्या. गार ऑइल आत पोचत नाही, बेअरिंग जातील." अल्पना ओरडली.

"ताई, घोडं काय गरम करून नाचवतात?" नमन म्हणाला.

गर्दी हसली. नमनने इंजिन सुरू केलं आणि ढोलाच्या ठेक्यावर ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन किंचाळलं, शेजारची घोडी बिथरली. मग आत खडखड सुरू झाली आणि लोकांनी त्या खडखडीवरही टाळ्यांचा ताल धरला. अल्पनाने आत हात घालून इंजिन बंद केलं.

"आत्ता कुठे रंगात आली होती!" नमन चिडला.

"मेली ती. आता घोड्यासारखी झूल घाला आणि ठेवा नुसती उभी."

नमनने शेजारच्या घोड्यांच्या रंगीत झुलींवरून नजर फिरवली.

"लाल शोभेल," तो म्हणाला.