सर्वांत जबाबदार सभासद

आमच्या गावात गांजा पिकवणाऱ्यांचं कायदेशीर मंडळ आहे आणि त्या मंडळात गांजा ओढायला सक्त मनाई आहे. हसू नका. जर्मनीतला कायदाच तसा आहे. झाडं सगळ्यांनी मिळून वाढवायची, आपापला वाटा घ्यायचा आणि ओढायचा तो घरी जाऊन. मंडळात बिअरसुद्धा मिळत नाही. दर गुरुवारी आम्ही सभासद हातमोजे घालून पानं छाटतो आणि मग कॉफीबरोबर आलुबुखाऱ्याचा केक खातो. माझ्या केस कापायच्या दुकानात याहून जास्त धिंगाणा चालतो.

शिस्तीला रोसविताबाई आहेत. सभासदांना व्यसन लागू नये, कुणाचं नुकसान होऊ नये, यासाठी प्रत्येक मंडळाला एक माणूस नेमावा लागतो. बाईंनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि साधी सिगारेटही कधी ओढली नाही. वाटा देण्याआधी त्या प्रत्येकाची उलटतपासणी घेतात. झोप लागते का? एकट्यानेच ओढता का? ओढून गाडी तर चालवत नाही ना? मी पाठदुखीसाठी घेते, तरी त्यांच्यासमोर उभी राहिले की गृहपाठ विसरल्यासारखं वाटतं. शाळेत मी त्यांच्याच वर्गात होते, त्यामुळे सवय जुनी आहे.

बाईंचे लाडके सभासद म्हणजे ऑर्टविन क्रेच्मर. पोस्टातून निवृत्त झालेले, विधुर, कडक इस्त्रीचा शर्ट. झाडांना इतकं पाणी घालायचे की आम्ही झारी लपवून ठेवायचो. पण बाईंच्या प्रत्येक प्रश्नाला अगदी सविस्तर उत्तर द्यायचे.

"बघ जरा," बाई मला ऐकवायच्या. "ना डोळे लाल, ना खोकला. याला म्हणतात प्रमाणात घेणं. शीक काहीतरी, डोरीन."

एका गुरुवारी क्रेच्मरांनी बाईंना सहज विचारलं, "तळघरातलं फडताळ भरलं हो. आता बरण्या माळ्यावर ठेवल्या तर चालतील?"

"कसल्या बरण्या?"

"गांजाच्या. पहिल्या महिन्यापासूनच्या सगळ्या आहेत. एकही उघडलेली नाही," क्रेच्मर अभिमानाने म्हणाले. "प्रत्येकीवर तारीख घातलीय."

बाईंनी बोटांवर महिन्यांचा हिशेब केला. घरी पन्नास ग्रॅमपर्यंत ठेवायला मुभा आहे, त्याच्या फार वर गेलात की फौजदारी. म्हणजे मनसोक्त ओढणारे आम्ही सगळे कायद्यात बसत होतो आणि कधीही न ओढणारे क्रेच्मर कोर्टाच्या पायरीवर उभे होते.

"अहो, मग उद्या सगळ्या इथे आणून देतो," ते घाबरून म्हणाले.

"रस्त्यात पंचवीस ग्रॅमच्या वर जवळ बाळगता येत नाही!"

"मग कचऱ्याच्या पेटीत..."

"आणि एखाद्या पोराने उचललं तर?"

"त्यात काय एवढं?" मी म्हणाले. "मला द्या की."

"देणारा गुन्हेगार आणि घेणारीही. गप्प बस, डोरीन. शाळेतही तू अशीच होतीस."

शेवटी बाईंनी मंडळातला कॉफीचा सगळा चोथा बादलीत भरला, बादली माझ्या हातात दिली आणि आम्ही तिघं क्रेच्मरांच्या घरी गेलो. तळघरात चेरीच्या मुरंब्याशेजारी बरण्या ओळीने उभ्या होत्या. बरण्या त्यांच्या बायकोच्या, झाकणांवर तिने शिवलेल्या चौकड्यांच्या कापडाच्या टोप्या. आम्ही पायरीवर बसून उत्तम प्रतीचा गांजा चोथ्यात आणि ओल्या मातीत कालवू लागलो, म्हणजे तो कुणाच्याच कामाचा राहणार नाही. माझी रडायचीच बाकी होती. मध्येच बाईंनी मला हात उघडून दाखवायला लावले.

"ओढत नाही म्हणता," त्या क्रेच्मरांना म्हणाल्या, "मग दर महिन्याला नेलात कशासाठी?"

"वास सहन होत नाही मला त्याचा," क्रेच्मर ओशाळून म्हणाले. "पण वाटाच नेला नाही, तर मी सभासद कसला? आणि सभासद नसलो, तर गुरुवारी यायचं कोणत्या तोंडाने? माझी हिल्डेगार्ड गेल्यापासून मला झोप लागते का, हे तुमच्याशिवाय कुणी विचारत नाही हो."

कालवणारे हात थांबले. मला इतकं वाईट वाटलं की त्या लपवलेल्या झारीचीही लाज वाटली. क्रेच्मरांनी हात पुसले, खिशातून मंडळाचं कार्ड काढलं आणि रिकाम्या बरणीवर ठेवलं. "हे परत घ्या. नियम तो नियम."

बाईंनी कार्डाकडे पाहिलं, उचललं नाही. मग वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "क्रेच्मरसाहेब, सभासदांचं नुकसान होऊ न देणं हे माझं काम आहे. गुरुवारी तुम्ही इथे एकटे बसून राहिलात तर ते नुकसानच आहे आणि ते मी होऊ देणार नाही. वाटा नेऊ नका. पण यायचं. ते कार्ड खिशात घाला."

कार्ड खिशात घालायला त्यांना बराच वेळ लागला. बाईंनी घाई केली नाही. त्या पायरीवर सरकून बसल्या आणि त्यांना शेजारी जागा करून दिली. मी कॉफी करायला वर स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर एकच कप होता. कपाटातल्या बाकीच्यांवर धूळ साचली होती. त्यांतले तीन मी विसळून घेतले.