एकाच पोत्यातला कोळसा

निशा प्रयोगशाळेत आली ती बाटली घेऊनच. आतलं पाणी काळपट, तळाशी बारीक भुकटी.

"नौपाड्याच्या सोसायटीतलं पाणी आहे. आमच्या कोळशाच्या फिल्टरमधून येतंय," ती म्हणाली. "आणि तुमचा रिपोर्ट काय म्हणतो? कोळसा टणक, फिल्टरला एकदम योग्य."

कल्पिताने बाटली उजेडात धरली. डोंबिवली एमआयडीसीतल्या त्या लहानशा प्रयोगशाळेतून रिपोर्ट गेला होता आणि त्यावर सही तिचीच होती.

निशाचा कारखाना मोहन्याच्या पुढे. तिच्या वडिलांनी, राघोशेठनी, घरच्या जमिनीवर उभा केलेला. दगडी कोळसा हवा न लागू देता भट्टीत भाजायचा. धूर आणि डांबर निघून गेलं की मागे बारीक छिद्रांचा कोळसा उरतो, तो पाणी गाळायला विकायचा. शेठचे गुडघे गेल्यापासून सगळा कारभार निशाच बघत होती.

"माल खराब घातला, दुसरं काय!" निशा म्हणाली. "देवरामकाका, पप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त. कोळसा त्यांच्याकडूनच येतो. मी तोंडावर सांगितलं, उद्यापासून गाडी पाठवू नका. ते उठून गेले. तेव्हापासून पप्पा माझ्याशी धड बोलत नाहीयेत."

"त्यांच्या कोळशाचं एखादं पोतं उरलंय?"

"उरलंय की."

ते पोतं आलं. कल्पिताने राख तपासली, ओल तपासली, धुराचं प्रमाण काढलं. सगळं आधीच्यासारखंच. भाजून पाहिला तर कोळसा खणखणीत निघाला. मग ती कारखान्यातच जाऊन उभी राहिली.

भट्टी लालबुंद होती. कामगार फावड्याने दुसरीकडून आणलेला कोळसा थेट त्या लाल पोटात लोटत होते आणि दार लावून घेत होते.

"पूर्वीपासून असंच घालता?"

"नाही. पूर्वी गार भट्टीत भरून मग हळूहळू तापवायचे. अख्खा दिवस त्यातच जायचा," निशा म्हणाली. "ऑर्डरी वाढल्या म्हणून मी पद्धत बदलली. पण तापमान तुमच्या रिपोर्टात आहे तेवढंच ठेवलंय हां."

रिपोर्टात तापमान होतं. तिथवर किती वेगाने पोचायचं, ते तिने लिहिलंच नव्हतं. लिहायला हवं असं तिला वाटलंही नव्हतं.

"उद्या प्रयोगशाळेत या," ती म्हणाली. "तुमच्यासमोरच भाजते."

दुसऱ्या दिवशी तिने एकाच पोत्यातला कोळसा दोन भांड्यांत घेतला. एक भांडं गार भट्टीत ठेवून सावकाश तापवलं. दुसरं, भट्टी पूर्ण तापल्यावर एकदम आत सरकवलं. गार झाल्यावर दोन्ही निशापुढे ठेवली. पहिल्यातला खडा निशाने दाबला, तो फुटेना. दुसऱ्यातला फुगून दुप्पट झाला होता. बोटांत धरला मात्र, त्याचा चुरा झाला.

"सावकाश तापवलं की आतला वायू बारीक वाटांनी बाहेर जातो," कल्पिता म्हणाली. "एकदम तापवलं की कोळसा मऊ पडतो आणि वायू त्याला भाकरीसारखा फुगवतो. मोठी पोकळी, पातळ कड. पाण्याचा जोर आला की भुगा. कोळसा तोच आहे, निशा. चूक माझ्याही रिपोर्टात आहे. वेग लिहायला हवा होता मी."

निशाने बोटांवरची काळी पूड पुसली.

"देवरामकाकांकडे जायला पाहिजे," ती म्हणाली. "तुम्ही येता? मला एकटीला नाही जमणार."

कल्याणच्या बाजारामागे देवरामशेठची गादी होती. निशाने सगळं सांगितलं, कुठेही स्वतःला सांभाळून न घेता. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं, मग कल्पिताकडे वळून विचारलं, "म्हणजे माझा माल चांगला?"

"चांगला आहे, काका."

"हे मला पोरीच्या तोंडून ऐकायचं होतं."

"चांगला आहे, काका," निशा म्हणाली. "माझं चुकलं."

"चुकलंच तुझं. मला विचारलं असतंस तर मी बसून बघितलं असतं. पण तू सरळ दार दाखवलंस." देवरामने समोरची वही उघडून पाहिली. "गाडी लगेच नाय मिळणार. माल दुसरीकडे लावलाय. पुढच्या महिन्यात बघू. आणि राघोला सांग, रविवारी येतो. तुझ्यासाठी नाय, त्याच्यासाठी."

निशाने भट्टी पुन्हा संथ केली. माल निम्म्यावर आला आणि एक मोठं गिऱ्हाईक तुटलं. नौपाड्याच्या फिल्टरमधला कोळसा तिने स्वतः उभं राहून बदलून दिला. कल्पिताने सुधारलेला रिपोर्ट पाठवला, त्यात तापवण्याचा वेग सगळ्यात वरच्या ओळीत घातला.

रविवारी देवराम खरंच निशाच्या घरी आला. राघोशेठ त्याच्याशी तासभर बोलले, निशाशी मात्र जेवताना एवढंच म्हणाले, "भात वाढ." तिने वाढला. आज एवढं पुष्कळ झालं, असं तिने कल्पिताला फोनवर सांगितलं.