सोमवारी पास

प्लेट उजेडात धरली. औषधाच्या चकतीच्या अगदी कडेपर्यंत जंतू उगवले होते. हे आमच्या प्रयोगशाळेतले पाळीव जंतू. औषधांची परीक्षा घ्यायलाच ते सांभाळलेले. चकतीतलं औषध चांगलं असेल तर ते तिच्या आसपास फिरकत नाहीत, भोवती मोकळं वर्तुळ राहतं. आज वर्तुळच नव्हतं.

बावीस वर्षं मी हेच काम करते. रुग्णाचे जंतू प्लेटवर पसरायचे, वर औषधांच्या चकत्या ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी वर्तुळं मोजायची आणि कुठलं औषध लागू पडेल ते लिहून द्यायचं. दर सोमवारी फ्रीझरमधून चकत्यांच्या नव्या डब्या काढून पाळीव जंतूंवर तपासायच्या. पास झाल्या की आठवडाभर टेबलाच्या खणात. सारख्या आतबाहेर केल्या तर चकत्यांना पाणी सुटतं, म्हणून. ही शिस्त माझीच, आणि तिचा मला चांगलाच तोरा होता.

या सोमवारी सुट्टी होती. मंगळवारी कामाच्या रेट्यात नव्या डब्या काढायच्या राहिल्या आणि परीक्षा झाली ती गेल्या आठवड्याच्या डब्यांची. सगळ्या पास, एक सोडून. तिच्यातलं औषध गेल्याच वर्षी आलेलं. बाकीची औषधं खणात आठवडा सहज काढतात, हे नाजूक निघालं. सोमवारी ठणठणीत, शनिवारपर्यंत त्याचा जीव गेलेला. आणि वर्षभर मी त्याला तपासलं ते फक्त सोमवारी.

रजिस्टर काढलं. आठवड्याच्या शेवटी 'हे औषध लागू पडत नाही' असं मी लिहिलेले अकरा अहवाल सापडले. त्यातला एकच रुग्ण अजून वॉर्डात होता, पाय चिघळून आलेला एक सुतार. त्याचे जंतू आम्ही जपून ठेवले होते. त्यांच्यावर ताजी चकती ठेवली.

दुसऱ्या दिवशी वर्तुळ मोजलं. सव्वीस मिलिमीटर, म्हणजे औषध चांगलंच लागू पडत होतं. मी तीनदा मोजलं.

आमच्या प्रमुख मॅडम माझ्याहून लहान, मला ताई म्हणतात. त्यांनी प्लेट पाहिली आणि खुर्चीत बसल्या.

"त्या सुतारांना दुसरी इंजेक्शनं दिली ना, ताई? ती कानांना बाधणारी?"

"चौदा दिवस."

"कंपनीचा माल खराब असेल."

"माल चांगला आहे. मीच तो बाहेर ठेवला."

मॅडमनी अकराही जणांच्या डॉक्टरांना फोन लावले, त्यात कुचराई केली नाही. सुताराचं ऐकणं कमी झाल्याचं त्यातच कळलं. मग म्हणाल्या, "तुम्ही वॉर्डात जाऊ नका. सांगून काय कान परत येणार आहेत?"

"नाही येणार," मी म्हणाले, आणि गेले.

सुताराला घरी सोडणार होते. बायको पिशवी भरत होती. मी कोण ते सांगितलं, बोलायला लागले, तर ती म्हणाली, "त्यांना नाही ऐकू येत हो. चार दिवस झाले, अगदी काहीच नाही."

"लिहून द्या," सुतार म्हणाला. आपला आवाज केवढा मोठा झालाय, हे त्याला कळत नव्हतं.

मी कागद घेतला. 'तपासणीत चूक झाली' असं लिहिलं. मला माझीच लाज वाटली. ते खोडून लिहिलं, 'मी चूक केली. तुम्हाला कानांना न बाधणारं औषध चाललं असतं. कान गेले नसते.'

त्याने दोनदा वाचून कागद बायकोकडे दिला. तिने वाचला आणि ती खाटेच्या कडेला बसली.

"लाकूड तडकायच्या आधी आवाज करतं," तो मला म्हणाला. सगळा वॉर्ड वळून बघत होता. "त्या आवाजावर मी हात थांबवायचो. आता कशावर थांबवू?"

कागदावर जागा होती, पेन माझ्या हातात होतं.

बायकोने हात पुढे केला. तिने माझ्या हातातून पेन काढून घेतलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि माझ्या ओळींच्या खाली सावकाश लिहून त्याच्यापुढे धरला.

'घरी चला.'