टाचेला धरून

"यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, बोर्बाला. पण माझ्या बापानं याच पाण्यातून माणसं काढली, मासे काढावेत तशी," असं म्हणत विल्मोशने हातातला खारा पाव मोडला आणि अर्धा तोंडात कोंबला.

डॅन्यूब नदीच्या काठावर, इथं मारलेल्या ज्यूंची आठवण म्हणून घडवलेले लोखंडी बूट ओळीनं उभे होते. त्यातल्या एका लहानग्या बुटात कुणीतरी च्युइंगम चिकटवून ठेवलं होतं. इल्का वाकून ते नखानं खरवडत होती. पलीकडे एक पर्यटक बुटात पाय घालून फोटो काढून घेत होता. पण या दोन्हींपेक्षा विल्मोशच्या ओठांवरच्या चुऱ्याचीच तिला जास्त किळस आली.

ती आणि विल्मोश दोघंही ऐंशीच्या पुढची, एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर वाढलेली. ज्यूंना वाचवणाऱ्यांच्या नावांची पाटी लागायची होती आणि ती लावणाऱ्या मंडळाच्या बोर्बालाला विल्मोशच्या बापासाठी साक्षीदार हवा होता. इल्कानं मान डोलावली की नाव कोरलं जाणार होतं. इल्काच्या आईला याच काठावर गोळी घातली होती.

"किती जण काढले, काका?" बोर्बालानं विचारलं.

"अकरा."

"मागच्या वर्षी सात होते," इल्का खाली बघतच म्हणाली.

"म्हातारीला आकडे राहत नाहीत गं लक्षात. तर पंचेचाळीसच्या जानेवारीत हिरव्या शर्टवाल्या फॅसिस्टांनी ज्यूंना इथं उभं केलं, गोळ्या घातल्या, ढकललं नदीत. बाप खाली नावेत दडलेला. बर्फाचे तुकडे पियानोएवढाले. एका तुकड्यावर तर आख्खा घोडा उभा—"

"घोडा राहू द्या, काका."

"बरं, राहिला. एक बाई वाहत आली. बापानं हात घातला, तर हाताला लागली बुटाची टाच. कातडी बूट, पाणी पिऊन धोंड्यासारखा झालेला. तस्सं टाचेला धरून ओढलं तिला वर. इल्काच्या आईसारखीच दिसत होती, म्हणायचा. विचार की हिला."

बोर्बालानं पेन थांबवून इल्काकडे पाहिलं.

इल्कानं नखातली घाण रुमालाला पुसली आणि गुडघ्यावर हात टेकून हळूच उभी राहिली.

"पाण्यात कुणाच्याच पायात बूट नव्हते, विल्मोश. ते आधी काढायला लावायचे, मग गोळी. तुझ्या बापानं जे बूट आपल्या जिन्यात विकायला आणले ना, ते कोरडे होते. त्यातले आईचे मी तेव्हाच ओळखले."